वरंध्याच्या घाटाने महाडला

मूळ गाव महाडकडे आणि बिऱ्हाड पुण्यात, अशा माणसापुढे तीन वाटा असतात: ताम्हिणी, वरंधा, नाहीतर महाबळेश्वरावरून आंबेनळी. आम्ही वरंधा धरला, तोही दसरा उलटल्यावर. भर पावसात हा घाट अवजड गाड्यांना, आणि कधी कधी सगळ्यांनाच, बंद असतो. शिवाय पावसाने डोंगराचं काय केलंय ते ऑक्टोबरात उघडं पडतं. गवत पिवळं व्हायला लागलेलं असतं आणि नव्या दरडींचे तांबडे ओरखडे लांबूनही दिसतात.

सातारा रस्ता कापूरहोळला सोडला की भोर, आणि पुढे नीरा-देवघरच्या पाण्याकडेने हिर्डोशी. इथवर सगळं सौम्य आहे. कावळ्या किल्ल्याच्या खिंडीत रायगड जिल्हा लागतो आणि रस्ता एकदम खाली कोसळतो. वाघजाईपाशी भजी खायला सगळेच थांबतात. गाडी मात्र कड्याच्या बुडाशी, ताजे दगड पडलेत तिथे लावू नये. दगडाची तुटलेली बाजू काळीभोर आणि स्वच्छ असेल तर तो याच मोसमातला. शेवाळ धरलेला असेल तर जुना.

कड्यावर सह्याद्रीची रचना नीट दिसते. लाव्हाचे थर एकावर एक: कठीण कातळ, मग भोकाभोकांचा मऊ थर, मधेच एखादा विटकरी पट्टा. कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं होऊन डोंगराच्या अंगातून बाहेर येतं. म्हणून झरे एका रेषेत लागतात. कड्यावरून दगड सुटतात, ते रस्त्याला त्रास देतात. गावं गाडतो तो दुसरा प्रकार. कड्याच्या खालच्या उतारावर मुरूम, माती आणि डबर यांचा जाड थर साचलेला असतो. तीन-चार दिवसांच्या पावसाने तो भिजून जड होतो, आणि खाली कातळावर कोंडलेलं पाणी त्याला आतून उचलू लागतं. मग एखाद्या रात्रीच्या मुसळधार सरीत सगळा उतार चिखल होऊन वाहत येतो.

वाडीसाठी जागा शोधणाऱ्याला पटते तीही हीच: डोंगराच्या पायथ्याचा पदर, खोल माती, उशाला बारमाही झरा. पण ती माती आलेली असते वरूनच. पदरावर घराएवढे धोंडे मातीत अर्धे रुतलेले दिसले, तर डोंगर तिथे पूर्वी एकदा उतरून गेलाय असं समजावं. याच महाड तालुक्यात जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथल्या लोकांना अक्कल नव्हती असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. सपाटी आणि पाणी एकत्र मिळेल अशी दुसरी जागा या डोंगरात दाखवून द्यावी.

गावी घर असणाऱ्याने पावसाआधी वरचा उतार एकदा चढून बघावा. चंद्रकोरीसारखी आडवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर दोरीने मोजून ठेवावं. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने बुजवून वरच्या अंगाला चर खणावा. चराचं पाणी ओढ्यात सोडावं, शेजाऱ्याच्या पडवीमागे नव्हे. संरक्षक भिंतीची निचऱ्याची भोकं गाळाने बुजलेली असतात, ती मोकळी करावी. भिंत पडते ती बहुतेक मागे तुंबलेल्या पाण्याने. पावसाळ्यात झरा गढूळ झाला, दारं चौकटीत अडकू लागली, किंवा पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी ओसरलं, तर सामान न आवरता निघावं. ओसरलेलं पाणी वर कुठेतरी अडलेलं असतं. निघायचं तेही ओढ्याच्या काठाने नाही, त्याला आडवं, बाजूच्या उंचवट्याकडे.

एक हिशेब पुणेकरांचा हमखास चुकतो. पेपरातला पावसाचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. 204 मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार. पुण्याचा वर्षभराचा पाऊस सातशेच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या निम्म्या पावसाळ्याइतकं पाणी घाटावर दोन दिवसांत पडू शकतं.

महाडात दरडीपेक्षा पुराची भीती मोठी. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला. तिथला पाऊस काही तासांत इथे पोचतो, आणि काळ व गांधारी याच शहराजवळ तिला मिळतात. बाणकोटच्या खाडीत भरती असेल तर पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना आडाखा पुरतो: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. महाडपर्यंत फुगवटा त्यानंतर येतो. 22 जुलै 2021 ला त्रयोदशी होती, पौर्णिमेचं उधाण जवळ आलेलं, आणि महाबळेश्वरावर ढग रिकामे होत होते.

परतीला आम्ही माणगाव, निजामपूर, ताम्हिणी असे आलो. हा रस्ता रुंद, पण मोठ्या पावसानंतर इथेही धोंडे येतात. माणगाव दुपारी तीनच्या आत सोडलं की घाट उजेडात संपतो. धुकं उतरलं तर वळणावरचा दगड दिव्यांच्या झोतातही उशिरा दिसतो.