एक बाक, दोन अधिवेशनं

शनिवार, रात्री उशिरा

नौपाड्यातल्या शाळेची गोष्ट आज एकदाची पुढे सरकली. सकाळ अधिवेशनातली सातवीची मुलगी आणि दुपारचा पाचवीतला मुलगा एकाच बाकावर बसतात, पण एकमेकांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तिचं अर्धवट शब्दकोडं बाकाच्या कप्प्यात राहतं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सोडवलेलं सापडतं. मग सकाळची मुलं जिना उतरताहेत, दुपारची चढताहेत, त्या रेटारेटीत 'तो' कोण हे तिला शोधायचंय. हे कथानक मी रचलं असं म्हणवत नाही. जुन्या ठाण्यात जागा कमी, वर्ग कमी, मुलं जास्त, म्हणून शाळा दोनदा भरते. गोष्ट त्या अडचणीतूनच आली.

वाशीची मैत्रीण म्हणाली, "अगं, आमच्याकडे आण ना ही गोष्ट, जरा मोकळी होईल." नेऊन पाहिली. तिच्या लेकाची शाळा एकाच वेळेची, शेजारी ऐसपैस मैदान. तिथे बाक एकाच मुलाचा, त्यामुळे कोडं ज्याचं त्याच्याकडेच राहतं आणि गोष्ट पहिल्या पानावर आटपते. सिडकोच्या आखीव सेक्टरात वेगळं काहीतरी घडेल: नवा आलेला मुलगा शाळा सुटल्यावर एकसारख्या इमारतींच्या रांगेत भलत्याच जिन्याने वर जाईल, अनोळखी दाराची बेल वाजवेल. ती गोष्ट नौपाड्यात होणार नाही. इथे वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे पोराला घरी पोचवतील.

शाळेच्या गोष्टींत सर्रास येणारा गुलमोहर मला आवडत नाही. फुलतो, गळतो, लेखक उसासा टाकतो. असेना का बापडा, पण मग त्याच्या फांदीवरून कुणीतरी मुख्याध्यापकांच्या खिडकीत डोकावून प्रश्नपत्रिका तरी बघायला हवी.

पावसाचंही तेच. नुसता जूनमधला पाऊस म्हणजे ओले रेनकोट आणि कुबट वास. पण २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद झाल्या, कितीतरी मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. एरवी घंटा झाली की शाळेची गोष्ट सुटते, त्या दिवशी ती सुटूच शकत नाही. छडीवाले सर बिस्किटांचे पुडे मोजत बसतात, बाई पहिलीतल्या पोराला मांडीवर झोपवतात, आणि वर्गातला दांडगोबा आईसाठी रडतो. असली माणसं चाळीस मिनिटांच्या तासात दिसत नाहीत.

उद्या शिपाईकाकांचं काय करायचं ते ठरवायला हवं. दोन्ही अधिवेशनांना तेच घंटा देतात, म्हणजे या दोघा मुलांना ओळखणारा तेवढा एकच माणूस. त्यांच्याच तोंडून सगळं सांगावं असा मोह होतोय, पण मग मुलीला शोधायला काही उरत नाही. तूर्तास काकांना फक्त हसू द्यायचं, बोलू द्यायचं नाही.