नळाला पाणी आलं आणि सामने थांबले

गल्लीत हॉकी शिकवताना पहिली झुंज क्रिकेटशी असते. हातात स्टिक आली की मूल ती थेट खांद्यापर्यंत नेतं आणि चेंडू उडवायला बघतं. क्रीडाशिक्षक म्हणून हे मी नेहमी पाहतो. त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते मे महिन्यात म्हणाले, "सर, सुट्टीत पोरं मोबाईल घेऊन पडून असतात, काहीतरी घ्या की," तेव्हा मी नवशिक्यांसाठी गल्ली हॉकीचे सामने सुचवले. अट एकच ठेवली : आधी हॉकी खेळलेलं कुणी नको.

वस्ती यंत्रमागांची. मागांचा खडखडाट तिथे कायमचा, त्यामुळे शिट्टी जोरात वाजवावी लागते. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सकाळी सात वाजता सुरुवात केली. पाच-पाच जणांचे संघ, मुलं-मुली मिसळून, आणि प्रत्येक संघात घरातलं एक मोठं माणूस. मोठ्यांनी पास द्यायचा. त्यांचा गोल धरायचा नाही. गोलरक्षक ठेवलाच नाही. दोन पावलांचा गोल, दोन्ही बाजूंना भाजीचे रिकामे क्रेट. चेंडू गटारीत जाऊ नये म्हणून कडेला वाया गेलेल्या सुताची पोती रचली. स्टिका जुन्याच होत्या. डांबरावर लाकडाचं टोक खरवडून निघतं, म्हणून प्रत्येक टोकाला वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली. बूट मात्र सक्तीचे; चपलेवर पळणारं पोर वळताना हमखास पडतं.

चेंडू टेनिसचा. हॉकीचा खरा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. उघड्या तोंडाच्या, पॅड नसलेल्या पोरांमध्ये तो आणणं मला मान्यच नाही. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमही भरत नाही. लागला तरी दात शाबूत राहतात.

नियमही मोजके ठेवले. स्टिक गुडघ्याच्या वर गेली की शिट्टी, स्टिकच्या गोलसर पाठीने चेंडू मारला की शिट्टी, पायाला लागला की समोरच्यांना फ्री हिट. पहिल्या तासात मी श्वास घेण्यापेक्षा शिट्टीच जास्त वाजवली असेल. तापू लागलेल्या डांबरावर टेनिसचा चेंडू टणाटणा उडायचा, उडाला की पोरं स्टिक उचलायची, उचलली की खेळ थांबायचा. पाच-सहा धीट मुलं चेंडूमागे घोळक्याने पळत होती आणि बाकीची नुसती उभी.

त्या उभ्या राहिलेल्यांत सातवीतली एक मुलगी होती. तिला संघाने मागे ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "सर, मी डावखुरी हाय. मला उलटी स्टिक लागंल." डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक हॉकीच्या नियमात बसत नाही, चपटी बाजू डावीकडेच असते आणि सगळ्यांनी तीच वापरायची. पण स्टिक धरताना डावा हात वर, दांड्याच्या टोकाशी असतो. फिरवायचं सगळं काम तो डावा हात करतो, उजवा खाली आधाराला. म्हणजे बाकीच्यांना जो हात महिनोन्महिने घासून तयार करावा लागतो, तो हिचा जन्मापासून तयार. मी तिला एवढंच म्हटलं, "बाळा, तुझाच हात या खेळाला लागतो." तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

साडेनऊच्या सुमाराला कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्या दिवशी ते संध्याकाळी येईल असा सगळ्यांचा अंदाज होता. दोन मिनिटांत मैदान रिकामं. स्टिका पोत्यांवर पडल्या, पोरं घागरी आणि पाइप घेऊन पळाली. रात्रपाळी करून थेट खेळायला आलेले एक मामाही टिपाड सरकवायला गेले. कुणी कुणाची माफी मागितली नाही, आणि मागायचं कारणही नव्हतं. मीही एका अक्कांना पाइप धरून दिला.

या गडबडीत एका चिमुरड्याने आमचा चेंडू घमेल्यात बुडवून ठेवला होता. पाणी गेलं, सामने पुन्हा सुरू झाले, आणि चेंडू उडेना. भिजलेली लव पाणी धरून ठेवते. चेंडू जड होतो, टप्पा मरतो, तो जमिनीलगत सरकत जातो. "बॉल मेला बे!" एक पोरगा वैतागून म्हणाला. मी मात्र चेंडू बदलला नाही. फटका मारून काही होत नाही हे कळल्यावर पोरांनी आपोआप स्टिक खाली टेकवली आणि चेंडू ढकलायला लागली. घोळका फुटला. 1976च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि मोठ्या सामन्यांआधी ते गवत पाण्याने भिजवायची पद्धत पडली. आमच्याकडे असं पाणी ओतणं कुणाच्या मनातही येणार नाही. पण एका घमेल्यात भिजलेल्या चेंडूने ती गल्ली खेळण्याजोगी केली.

ती मुलगी हळूहळू पुढे आली. चेंडूवर स्टिक इकडून तिकडे फिरवत तिने आधी एकाला चुकवलं, मग त्या मामांना, आणि मोकळ्या उभ्या असलेल्या लहान भावाला पास दिला. त्याने तो क्रेटच्या मधून ढकलला. गोल त्याच्या नावावर लागला, पण गल्लीने आरडाओरडा केला तो तिच्यासाठी. चेंडू सुकत आला की अक्का भांडी खळबळलेल्या पाण्याची बादली पुढे करायच्या. तेच पाणी नंतर कडुलिंबाच्या रोपाला गेलं.

तिचा संघ अंतिम सामना एका गोलाने हरला. बक्षीस म्हणून सगळ्यांना सारखंच दिलं : चिकटपट्टीचं एक रीळ आणि कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी.

आवराआवर करताना त्याच अक्का मला म्हणाल्या, "सर, आमच्या बायकांचं कधी घेताय?" मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या, पण कुणी नको म्हटलं नाही. नळाचा दिवस बघून रविवार ठरवलाय. पंजाबी ड्रेस आणि बूट घालून या, एवढंच सांगितलंय. स्टिका कमी पडणार आहेत, त्या मी दुसऱ्या एका शाळेतून मागवल्यात.