घंटा वाजवायची लांबची वाट

मी नोकरीभर मधल्या पायऱ्या कमी करण्याचा पगार घेतला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पाच सांध्यांचं काम तिनात होत असेल तर उरलेले दोन भंगारात, हा आमचा धर्म. सांधे कमी, तेवढे रात्री-अपरात्री येणारे फोन कमी. आणि आता निवृत्तीनंतर नववीतल्या नातीने जे काम अंगावर टाकलं, ते बरोबर याच्या उलट!

शाळांच्या विज्ञान स्पर्धेसाठी तिच्या गटाला 'चेन रिअ‍ॅक्शन मशीन' करायचं होतं. शेवटी घंटा वाजली पाहिजे. मध्ये किमान 10 टप्पे. एकदा सुरू केलं की हात लावायचा नाही, लावला की गुण कापले. घंटा आमच्या देवघरातलीच घेतली. ती हाताच्या अंतरावर टांगलेली आणि तिथवर पोचायला गोटी आधी टीपॉयला प्रदक्षिणा घालणार. मी तोंड उघडायच्या आतच नात म्हणाली, "आबा, सरळ दोरी बांधून ओढा, असं म्हणू नका हं."

असल्या यंत्रांना जगभर रूब गोल्डबर्ग मशीन म्हणतात. हा अमेरिकन व्यंगचित्रकार, जन्म 1883 चा. चौकशी केली तर गृहस्थ आमच्यातलाच निघाला. 1904 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंजिनिअर झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी आणि मलनिस्सारण खात्यात काही महिने नोकरी केली आणि पळाला तो थेट वर्तमानपत्रात. तोंड पुसण्यासाठी त्याने काढलेलं 1931 सालचं एक यंत्र फार प्रसिद्ध आहे. सूपचा चमचा वर उचलला की दोरी ओढली जाते, बिस्किट उडतं, पक्षी त्यामागे झेपावतो, दाणे बादलीत सांडतात, लायटर पेटतो, अग्निबाण सुटतो, विळा दोरी कापतो आणि लंबकाला बांधलेला रुमाल हनुवटीवरून फिरतो. बरं, त्याने अशी यंत्रं कागदावर काढली. बांधायची हौस पुढच्या पोरांची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी 1949 मध्ये यावर चुरस लावली, ती मध्ये काही वर्षं थांबली, 1983 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 1988 पासून देशपातळीवर गेली. (गोल्डबर्गला 1948 चं पुलित्झर मिळालं ते मात्र अणुबॉम्बवरच्या व्यंगचित्रासाठी. साखळी प्रक्रिया तिथेही होतीच म्हणा.)

तर आमच्या नौपाड्यातल्या हॉलमध्ये पंखा बंद, खिडक्या बंद आणि चार मुलं घामाघूम. जांभळी नाक्यावरून गोट्या, सुतळी आणि उंदराचा चाप आला. गोटीच्या वाटेसाठी मुलांनी पुठ्ठ्याच्या पन्हळी केल्या होत्या. पण ठाण्याचा पाऊस, पुठ्ठा सर्दावला आणि मधोमध पोट काढून बसला. मग मी माळ्यावरून वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी काढून दिली. झाकण काढलं की तयार पन्हळ. तरी गोटी एका जोडावर हटकून उडायची. पोरं उतार कमी-जास्त करत बसली. त्यांच्यातला चष्मेवाला मुलगा जमिनीवर आडवा झाला, गाल लादीला टेकवून त्याने नुसतं बघितलं. पुढची पट्टी मागचीपेक्षा नखभर वर आली होती. गोटीच्या दृष्टीने ती भिंतच. त्याने मागच्या पट्टीखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवला, आणि गोटी अशी गेली जणू तिथे जोड नव्हताच. आमच्याकडे ट्रेनी लोकांना हे खाली वाकून बघणं शिकवायला महिने जायचे.

पाडायच्या सोंगट्यांची रांग मोबाइलच्या खोक्यापासून सुरू होऊन जाडजूड शब्दकोशापर्यंत चढत जाणारी होती. यामागचं गणित छान आहे. लॉर्न व्हाइटहेड नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने 1983 साली दाखवलं, की एक सोंगटी आपल्या दीडपट मोठी सोंगटी पाडू शकते. म्हणजे 5 मिलिमीटरपासून सुरुवात केली, तर तेरावी जवळजवळ 65 सेंटिमीटरची होते. नातीने विचारलं, "एवढीशी गोटी एवढं मोठं पुस्तक पाडते, मग एनर्जी वाढली कुठून?"

प्रश्न पक्का होता आणि उत्तर मला कारखान्यातलं माहीत होतं. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. त्याच्या कॉइलला करंट जातो तो चिमूटभर, आणि तिकडे भलीमोठी मोटर सुरू होते. मोटरला लागणारी वीज काही कॉइलमधून येत नाही, ती दारात येऊन उभीच असते. इथेही तेच. शब्दकोश उभा केला तेव्हाच त्याचं वजन वर उचललं गेलं. चाप ओढून अडकवला तेव्हा स्प्रिंग ताणली गेली. पाण्याची बाटली टांगली, तेव्हा कोणीतरी ती हाताने वर नेली. मागचा टप्पा पुढच्याला फक्त सुटायची मोकळीक देतो. सगळी ताकद मुलांनी रचतानाच आत भरून ठेवलेली. रचायला तास लागतात आणि मिनिटात सगळं संपतं, याची मुलांना फार चुटपुट लागली होती. ती ताकद आपलीच, हे कळल्यावर थोडी कमी झाली.

थोडीच. कारण दुसरं गणित कडू होतं. प्रत्येक टप्पा शंभरात 95 वेळा बरोबर चालतो असं धरा. ऐकायला झकास वाटतं ना? पण असे 20 टप्पे एकापुढे एक ठेवले, की सगळं यंत्र शंभरात जेमतेम 36 वेळा शेवटाला पोचतं. 99 वेळा चालणारे टप्पे घेतले तर 82. मी पायऱ्या का कमी करत होतो ते आता नातीला कळलं. गंमत म्हणजे तिने टप्पे कमी केले नाहीत. प्रत्येक टप्पा सुटा काढून पुन्हा पुन्हा चालवून बघायला घेतला आणि वही घातली: कुठे अडलं, का अडलं. सोंगट्यांच्या रांगेत मुद्दाम फटी सोडायला त्या सगळ्यांनी आपणहूनच सुरुवात केली. चुकून एक पडली तर अख्खी रांग जायला नको; फटी अगदी शेवटी भरायच्या.

एका गोष्टीवर माझं आणि मुलांचं जुळलं नाही. त्यांना रसायन हवंच होतं. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा. सोडा खाली पडला की कार्बन डायऑक्साइडने फुगा फुगणार आणि तरफ ढकलणार. मला असले टप्पे आवडत नाहीत. फुगा कधी किती फुगेल याचा नेम नाही. "पण परीक्षकांना आवडतं, आबा." हे मात्र खरं असावं.

सगळं सुट्या प्लायवर पक्कं करून छोट्या टेम्पोतून घोडबंदर रोडने नेलं. खड्डे लागले की आत चौघांचे आठ हात प्लायवर. तिथलं टेबल एका अंगाला कललेलं. स्पिरिट लेव्हल ठेवून पायाखाली पत्रकांच्या घड्या सारल्या. गोटी गेली, शब्दकोश पडला, चाप खाडकन सुटला, आणि फुगा... फुगा आरामात फुगत राहिला. चष्मेवाल्याचा हात दोनदा पुढे गेला आणि नातीने दोनदा त्याचं मनगट धरलं. मग तरफ हलली, बाटली सुटली, घंटा वाजली.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परतीच्या टेम्पोत पुढच्या वर्षीच्या 20 टप्प्यांची चर्चा सुरू होती. घरी पोचल्यावर आमच्या हिने आधी घंटा मागून घेतली. इतके दिवस आरती वाटी-चमच्यावर चालली होती.