ब्राउझर काय बदलू देत नाही, ते आधी बघा

डेस्कटॉपसाठी ब्राउझर निवडताना सगळ्यात आधी वेगाचा प्रश्न निघतो, आणि आता तोच सगळ्यात कमी कामाचा आहे. पान उघडायला वेळ लागतो तो बहुतेकदा साइटच्या स्वतःच्या स्क्रिप्ट, जाहिराती आणि सर्व्हर यांच्यामुळे. मेमरीचंही तसंच. 2018 च्या सुरुवातीला स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली. त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवायला सुरुवात केली आणि पुढे फायरफॉक्सही त्याच वाटेने गेला. एका साइटच्या कोडने दुसऱ्या साइटचा डेटा वाचू नये यासाठी मेमरी खर्ची पडते, आणि ती सगळ्यांचीच पडते. मशीन जड झालं तर ब्राउझर बदलण्याआधी कुठला टॅब मेमरी खातोय ते बघावं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की यादी समोर येते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी रोमन अक्षरांत अबाउट, कोलन, प्रोसेसेस असं टाइप करायचं.

माझी कसोटी वेगळी आहे. प्रत्येक ब्राउझरमध्ये न पटणाऱ्या दहा गोष्टी असतातच. त्यातल्या किती आपल्याला बदलता येतात आणि किती मुकाट्याने सोसाव्या लागतात, यावर निवड ठरावी.

नावं पुष्कळ असली तरी इंजिनं, म्हणजे पान पडद्यावर मांडणारे आतले गाभे, तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी आणि ऑपेरा हे सगळे ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर आणि सफारी वेबकिटवर. ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन 2013 मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे ब्लिंक असलेल्या क्रोमच्या खुल्या पायावर, आणला. त्यामुळे क्रोमला कंटाळून एजकडे गेलात तर वरचा रंग आणि मेन्यू बदलतात, खालचे बरेचसे निर्णय तेच राहतात.

यातला सर्वांत मोठा निर्णय मॅनिफेस्ट व्ही 3 चा, म्हणजे एक्स्टेन्शनसाठीच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठीच्या) नव्या नियमांचा. जुन्या पद्धतीत ब्राउझर प्रत्येक विनंती बाहेर पाठवण्याआधी एक्स्टेन्शनला विचारायचा, आणि एक्स्टेन्शन स्वतःचा कोड चालवून तिथल्या तिथे ठरवायचं की ही जाऊ द्यायची की अडवायची. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. यादीलाही मर्यादा आहे: एक्स्टेन्शनसोबत येणाऱ्या नियमांपैकी 30,000 ची हमी, त्यापुढचे सगळ्या एक्स्टेन्शनच्या सामाईक कोट्यातून, जागा असेल तर. 2025 मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं कायमची बंद केली आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन गेलं. त्याची लाइट आवृत्ती नेहमीच्या जाहिराती व्यवस्थित अडवते, नुसत्या वाचणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. पण ‘या साइटवर बाहेरच्या डोमेनच्या स्क्रिप्ट बंद, त्यातलं हे एकच डोमेन चालू’ असं चौकटीत क्लिक करून ठरवण्याची सोय तिच्यात नाही. ज्यांना ती सवय आहे त्यांना हात बांधल्यासारखं होतं, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

आणखी एक बारकावा आहे, ज्याची चर्चा कमी होते. काही साइट पाळत ठेवणाऱ्या कंपनीला स्वतःच्याच डोमेनखालचं एक उपनाव देतात. वरून ते घरचंच दिसतं, पण डीएनएसमधली (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतली) सीनेम नोंद, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद, बाहेरच्या सर्व्हरकडे बोट दाखवते. फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएस तपासू देतो, म्हणून तिथलं यूब्लॉक ओरिजिन हा मुखवटा ओळखतं. क्रोमियममध्ये एक्स्टेन्शनसाठी तो दरवाजाच नाही. ब्रेव्हने यातून मार्ग काढला तो अडवण्याचं काम एक्स्टेन्शनवर न सोपवता ब्राउझरच्या आत घेऊन. सीनेमची तपासणीही तो स्वतः करतो. म्हणून क्रोमियमच हवा असेल आणि जाहिराती नको असतील तर माझा कौल ब्रेव्हला. त्याचं वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं पहिल्याच दिवशी लपवून टाकावीत, ती सहज लपतात.

आता टॅब. क्रोममध्ये टॅब वाढले की आक्रसत जातात, शेवटी नुसतं चिन्ह उरतं आणि एकाच साइटचे वीस टॅब असतील तर ओळखायचं कसं? फायरफॉक्स टॅबला 76 पिक्सेलपेक्षा बारीक होऊ देत नाही, त्यानंतर पट्टी बाजूला सरकते. मला हे जास्त पटतं, कारण शीर्षकातली दोन अक्षरं तरी वाचता येतात. अर्थात खरा उपाय उभ्या टॅबचा. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर रुंदी वाया जात असते आणि उंची कमी पडत असते. विवाल्डी आणि एजमध्ये ही सोय आधीपासून आहे, फायरफॉक्समध्ये मार्च 2025 च्या 136 व्या आवृत्तीत आली. शोधण्यासाठी फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह, एक स्पेस आणि शब्द टाइप केला की फक्त उघडे टॅब चाळले जातात. तारका दिली तर बुकमार्क. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए. कंट्रोल-टॅबने शेजारच्या टॅबवर जावं की नुकत्याच पाहिलेल्या, हे फायरफॉक्स आणि विवाल्डी विचारतात. क्रोम विचारत नाही. दोन टॅबमध्ये सतत ये-जा करणाऱ्याला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

फायरफॉक्सची वरची पट्टी जाड वाटत असेल तर अबाउट-कॉन्फिगच्या पानावर जाऊन इशारा मान्य करा, कॉम्पॅक्टमोड शोधा आणि सापडलेला पर्याय ट्रू करा. मग टूलबारवर राइट-क्लिक करून कस्टमाइझ उघडा. तळाशी घनतेच्या मेन्यूत कॉम्पॅक्ट दिसू लागतो. याहून पुढे जायचं तर यूझरक्रोम नावाची सीएसएस फाइल (रूप ठरवणाऱ्या नियमांची) लिहून टॅब, मेन्यू, बटणं हवी तशी करता येतात. त्यासाठी कॉन्फिगमध्ये लेगसीयूझरप्रोफाइल शोधून तो पर्याय ट्रू करायचा, अबाउट-सपोर्टवरून प्रोफाइलचं (आपल्या सेटिंग्ज आणि डेटाचं) फोल्डर उघडायचं, त्यात लहान रोमन अक्षरांत क्रोम नावाचं फोल्डर बनवून फाइल त्यात ठेवायची आणि ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. काहीच बदललं नाही तर बहुधा विंडोजने फाइलच्या नावाची शेपूट लपवलेली असते आणि फाइल प्रत्यक्षात सीएसएस डॉट टीएक्सटी झालेली असते. शिवाय आतल्या घटकांची नावं आवृत्तीगणिक बदलू शकतात, तेव्हा एखाद्या अपडेटनंतर आपले नियम मोडणार हे धरून चाला. तरीही ही मुभा आहे, हीच मोठी गोष्ट.

फायरफॉक्सच्या उणिवाही खऱ्या आहेत. त्यात वेबयूएसबी, म्हणजे साइटला यूएसबी उपकरणाशी थेट बोलू देणारी सोय, नाही, सफारीतही नाही. कीबोर्डचं किंवा एखाद्या सर्किट बोर्डचं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) ब्राउझरमधूनच बदलणारी साधनं म्हणूनच क्रोमियम मागतात. सिनेमा-मालिकांच्या अनेक सेवा विंडोजवर सर्वांत स्पष्ट चित्र एजला आणि मॅकवर सफारीला देतात, कारण कॉपीसंरक्षणाची हार्डवेअरला जोडलेली यंत्रणा तिथे मिळते. इथे सेटिंग्ज कितीही उलटीपालटी केल्या तरी उपयोग नाही. अशा कामांसाठी दुसरा ब्राउझर ठेवावा, तो रोजचा करू नये.

सफारीबद्दल एकच इशारा. एखाद्या साइटने स्क्रिप्टने साठवलेला डेटा, सफारी वापरात असताना सात दिवस त्या साइटशी काहीच व्यवहार झाला नाही तर, पुसला जातो. लिखाण फक्त ब्राउझरमध्येच साठवणारी साधनं वापरत असाल तर मसुदे वेळेत बाहेर काढा.

ब्राउझर बदलताना बुकमार्क सुखरूप येतात, अडतं ते बाकीचं. कुकीज सहसा येत नाहीत, म्हणजे सगळीकडे नव्याने लॉग-इन. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड हाताशी आहेत ना हे आधी पाहा. पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) सीएसव्हीतून, म्हणजे पासवर्ड नेण्याच्या साध्या यादीच्या फाइलमधून, जात नाहीत. यूब्लॉकचे स्वतःचे नियम त्याच्या सेटिंग्जमधून फाइलमध्ये उतरवून घ्यावे लागतात. पासवर्डची सीएसव्ही फाइल म्हणजे उघडा मजकूर, कुणीही वाचू शकेल असा. ती क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये उतरवू नका, नाहीतर तिची प्रत क्षणात सर्व्हरवर जाते. नव्या ब्राउझरमध्ये दोन-तीन पासवर्ड उघडून खात्री करा आणि मग फाइल रिसायकल बिनमधूनही काढा. फायरफॉक्समधले पासवर्ड हाताने कॉपी करून नव्या प्रोफाइलमध्ये न्यायचे असतील तर लॉगिन्स डॉट जेसन आणि की-फोर डॉट डीबी या दोन्ही फाइली एकत्रच न्याव्या लागतात. पहिलीत कुलूपबंद पासवर्ड असतात, दुसरीत किल्ली. एकच नेली तर यादी रिकामी दिसते.