तंबोऱ्यामागची चिरचिर

विलंबित ख्याल सुरू होण्याआधी नुसता तंबोरा वाजत असतो, ते तीस-चाळीस सेकंद मला फार प्रिय आहेत. जवारी (घोडीवर तार घासून येणारी गुंजती झणक) नीट लागलेली असली की एकाच तारेतून एकावर एक स्वर उमलत जातात. माझ्या कॉम्प्युटरवर नेमक्या त्याच जागी, तंबोऱ्याच्या मागे, बारीक चिरचिर ऐकू यायची. माउस हलवला की ती हलायची. पान खाली सरकवलं की तिचा सूर चढायचा. ग्राफिक्स कार्डाला काम लागलं की तिची शिट्टी व्हायची.

मला ऐकायला मिळतो तो रात्रीचा तास-दीड तास, घर झोपल्यावर. म्हणजे हेडफोनच. वर्षभर सोसल्यावर ठरवलं की नवं साउंड कार्ड घ्यायचं. पैसे बेताचे होते. चुकीची वस्तू आणली असती तर दुसरी घेणं जमलं नसतं. म्हणून काही विकत घेण्याआधी दुखणं नक्की कुठे आहे ते शोधायला बसले. त्यात तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या गेल्या हे बरं झालं.

कपाटात एक जुनं पीसीआय कार्ड पडून होतं. आधी तेच लावून बघू म्हणून कॅबिनेट उघडलं, तर नव्या मदरबोर्डवर पीसीआयचा स्लॉटच नाही, सगळे पीसीआय एक्सप्रेसचे, ज्यांत जुनं कार्ड बसत नाही. कार्ड परत कपाटात गेलं. पण कॅबिनेट उघडलंच होतं, म्हणून पुढच्या हेडफोन जॅकची वायर कुठून जाते ते पाहिलं. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांपासून निघून ती ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून, पंख्यांच्या वायरींना बिलगून पुढे जात होती. बारीक तारांची जुडी, वर शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) नाही. शेजारी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारी वीजपुरवठ्याची सर्किटं. ती वायर अँटेनाचं काम करत होती.

प्लग मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातला. चिरचिर जवळजवळ गेली. मला वाटलं, झालं काम, एक रुपयाही न घालता. पण मग तबला सुरू झाला आणि डग्गा ओळखू येईना. घुमारा फुगलेला, प्रत्येक घिस्सा (तळहात घासून काढलेला घसरता बोल) आधीपेक्षा लांबलेला, ठेक्यातली मोकळी जागा भरून गेलेली. आवाजही बराच कमी झाला होता. एकाच चिपमधून निघणारा आवाज दोन जॅकमधून इतका वेगळा का यावा?

याचं उत्तर मल्टिमीटरने दिलं. हाताशी मल्टिमीटर असलेल्या कुणालाही हे करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते. 60 हर्ट्झचा शुद्ध सूर कॉम्प्युटरवर लावायचा. साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज विजेच्या वारंवारतेच्या आसपास खात्रीने मोजतात, म्हणून 60. जॅकवर काहीही न जोडता व्होल्टेज मोजायचं, मग 33 ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजायचं. (हे करताना हेडफोन काढून ठेवा.) मागच्या जॅकवर मोकळं असताना 1.00 व्होल्ट होतं, रेझिस्टर जोडल्यावर ते 0.30 वर आलं. म्हणजे जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) साधारण 77 ओहम. पुढच्या जॅकवर तेच 1.00 वरून 0.94 वर आलं, म्हणजे जेमतेम 2 ओहम.

मागचा जॅक असतो लाइन-आउट. तो स्पीकरच्या अॅम्प्लिफायरसाठी असतो, ज्याचा इम्पिडन्स हजारो ओहमचा, त्यामुळे 77 ओहमने तिथे काहीच बिघडत नाही. माझे हेडफोन मात्र 32 ओहमचे. आणि तो 32 हा आकडाही सगळीकडे सारखा नसतो. हेडफोनचा पडदा ज्या कंपनसंख्येला स्वतःहून डोलतो, तिथे इम्पिडन्स चढतो. माझ्याकडच्या हेडफोनवर 70 हर्ट्झच्या आसपास तो 50 ओहम भरला, 400 हर्ट्झवर 32. (सेनहायझरच्या एचडी 600 वर डब्यावर 300 ओहम लिहिलेले असतात, पण 100 हर्ट्झजवळ तो पाचशेच्या वर जातो.) आता 77 ओहमच्या मागे हे हेडफोन जोडले की व्होल्टेजची वाटणी होते आणि जिथे इम्पिडन्स जास्त तिथे वाटाही जास्त. हिशोब मांडला तर 70 हर्ट्झला सुमारे अडीच डेसिबलचा उंचवटा. माझा फुगलेला डग्गा तो हाच! मागचा जॅक 1 ओहमचा असता, तर हाच फरक 0.1 डेसिबलही भरला नसता. स्रोताचा इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा हा जो अंदाजी नियम सांगतात, तो यातूनच येतो.

म्हणजे पुढचा जॅक योग्य पण खरखरणारा, मागचा स्वच्छ पण हेडफोनसाठी नसलेला. मला हवी होती ती वस्तू एकच: कमी इम्पिडन्सची, कॅबिनेटच्या पोटाबाहेर असलेली. ती साउंड कार्डाच्या आकाराची असायची काहीच गरज नव्हती.

मी एक चिमुकला यूएसबी डॅक (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं आवाजाच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारी वस्तू) घेतला, फोनला हेडफोन लावायला वापरतात तसल्या अॅडॉप्टरच्या जातीतला. अॅपलचा यूएसबी-सी ते साडेतीन मिलिमीटर अॅडॉप्टर याच वर्गातला. ड्रायव्हर घालावा लागत नाही, विंडोज त्याला लावताक्षणी ओळखतं. तो सुमारे 1 व्होल्ट देतो (युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मं) आणि इम्पिडन्स 1 ओहमच्या आसपास. 32 ओहमला 1 व्होल्ट म्हणजे 31 मिलिवॅट. माझे हेडफोन एका मिलिवॅटला 100 डेसिबल देतात. रात्री मी याच्या एक टक्काही वापरत नाही. तुमच्याकडे 300 ओहमचे हेडफोन असतील तर त्याच 1 व्होल्टातून 3.3 मिलिवॅटच मिळतील, तेव्हा वेगळा अॅम्प्लिफायर घेण्याचा विचार आधी करा.

आवाजाच्या बाबतीत नव्या वस्तूवर माझा विश्वास नसतो, म्हणजे नवी वस्तू लावल्यावरच्या माझ्या कानावर नसतो. म्हणून धाकट्या भावाला बसवला. 400 हर्ट्झच्या सुरावर हेडफोनपाशी व्होल्टेज मोजून मागचा जॅक आणि डॅक यांची पातळी एक टक्क्याच्या आत जुळवली. हे केलं नाही तर जो किंचित मोठा तो आपल्याला चांगला वाटतो. मी डोळे मिटून पाठमोरी बसले. तो दर वेळी प्लग काढून परत घालायचा, बदललेला असो वा नसो. "ताई, आता सांग." बारापैकी अकरा वेळा बरोबर आलं, आणि ते डग्ग्यावरून, तंबोऱ्यावरून मला काहीही ओळखता आलं नसतं. मग त्याच डॅकवर 44.1 आणि 96 किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने, ते) अशी सेटिंग्ज त्याने अदलाबदल केली. बारापैकी सात. नाणं उडवून तेवढंच येतं. माझा संग्रह सगळा सीडींवरून घेतलेला आहे, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ. त्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात 96 डेसिबलची मोकळीक असते आणि जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत टेपची सळसळच तळापेक्षा कितीतरी वर असते. डब्यावरच्या मोठ्या आकड्यांसाठी मी जास्तीचे पैसे मोजणार नाही.

विंडोजमध्ये एवढंच केलं: 'एन्हान्समेंट्स' (आवाज आपोआप 'सुधारणाऱ्या' सोयी) सगळ्या बंद, फॉरमॅट 24 बिट 44.1, म्हणजे मधला मिक्सर उगाच रूपांतर करत बसत नाही.

पहिले दोन दिवस मला डग्गा रोडावल्यासारखा वाटला, हेही सांगायला हवं. मधले काही आठवडे मागच्या जॅकवर ऐकल्यामुळे कानाला त्या अडीच डेसिबलची सवय झाली होती. निवडक कंपनसंख्यांची पातळी कमी-जास्त करणारा इक्वलायझर एपीओ हा फुकट प्रोग्रॅम घालून 70 हर्ट्झला एक डेसिबल वाढवला. तिसऱ्या दिवशी तोही काढून टाकला.

जे पैसे उरले त्यांतून हेडफोनच्या नव्या गाद्या मागवल्या आहेत. जुन्या चपट्या झाल्यात, डाव्या कानाशी फट राहते आणि तिथून खर्ज निसटतो. गाद्या आल्या की पुन्हा भावाला बसवणार आहे, पण या वेळी हेडफोनच बदललेले असणार, ते न बघता ओळखायची युक्ती अजून सापडलेली नाही. कुणाला सुचली तर जरूर कळवा.