आईला माझा भाजीबाजार दाखवायचा होता

बर्लिनला आल्यावर पहिले चार महिने मी आईला जे फोटो पाठवले ते सगळे ब्रांडेनबुर्ग गेटचे, टीव्ही टॉवरचे आणि भिंतीच्या उरलेल्या तुकड्यांचे. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "अगं, ते गेट पुरे झालं आता. तू भाजी कुठून आणतेस ते दाखव ना."

भाजी मी मायबाखउफरवरून आणते. नॉयकोल्नमध्ये लांडवेअर कालव्याच्या काठाने दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो. कोथिंबिरीच्या हातभर जुड्या, भेंडी, डाळिंबं, ऑलिव्हचे डबे, कापडाचे गठ्ठे. आणि संध्याकाळ झाली की भाव पाडून ओरडणारे विक्रेते. सांगलीच्या बाजाराची आठवण येते ती या ओरडण्यामुळे. हा बाजार बाबांच्या कॅमेऱ्यावर टिपायचा असं मी ठरवलं. पेंटॅक्स के-१०००, जुना फिल्मचा कॅमेरा, त्यावर ५० मिमीची लेन्स. बाबा गेल्यावर तो कपाटात पडून होता, निघताना मी बॅगेत घातला.

पहिल्याच शुक्रवारी एका बाईंनी हात आडवा धरला आणि फोटो पुसून टाकायला सांगितलं. फिल्मवर पुसायचं काय, हे मला जर्मनमध्ये समजावता येईना. मी माफी मागितली, हा फोटो कोणाला दाखवणार नाही असं वचन दिलं आणि घरी आले. रात्री कायदा वाचत बसले. जर्मनीत माणसाच्या चेहऱ्याचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. हा नियम १९०७ सालचा आहे आणि त्यामागे एक घटना आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सेलर बिस्मार्क याचं निधन झालं त्या रात्री दोन छायाचित्रकार लाच देऊन घरात शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यांना तुरुंगवास झाला, पण माणसाचा स्वतःच्या चित्रावर हक्क काय, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. दृश्यात माणसं केवळ ओघाने आली असतील तर कायदा सूट देतो. हे वाचल्यावर त्या बाईंचा हात मला वेगळा दिसू लागला. तो त्यांचा हक्क होता. मी विचारायला हवं होतं.

मग मी एक वाक्य पाठ केलं: "तुमचा फोटो काढू का? माझ्या आईला दाखवायचा आहे." पंधरा वेळा आरशासमोर म्हटलं असेल. आश्चर्य म्हणजे 'आई' हा शब्द निघाला की बहुतेक चेहरे सैल होत. कोणी नाही म्हणालं तर मी मान हलवून पुढे जाई. विचारून काढलेला फोटो ताठ येतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की पहिला ताठ येतो. मग माणूस पुन्हा जुड्या बांधायला लागतो आणि आपण तिथेच उभं राहायचं असतं.

असा आख्खा रोल झाला, छत्तीस फोटो. आणि तो कोरा निघाला.

हे सविस्तर सांगते, कारण कुणाचा तरी रोल वाचेल. धुतलेली फिल्म काचेसारखी पारदर्शक होती, पण कडेला कंपनीचं नाव आणि आकडे स्पष्ट दिसत होते. कडेचे आकडेही नसते तर डेव्हलपरच्या (चित्र उमटवणारं रसायन) आधी फिक्सर (चित्र पक्कं करणारं) ओतला किंवा डेव्हलपर मेलेला होता असं समजायचं. आकडे आहेत आणि चौकटी नाहीत, म्हणजे रसायनं ठीक, फिल्मच कॅमेऱ्यात पुढे सरकलेली नाही. तिचं टोक फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलच्या खाचेतून निसटलं होतं. आकडा दाखवणारी तबकडी तरीही १, २, ३ करत पुढे जाते, त्यामुळे कळत नाही. आता मी फिल्म भरल्यावर डावीकडची गुंडाळायची कळ हलक्या हाताने ताणते आणि फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढताना ती कळ गरगर फिरते का ते डोळ्यांनी बघते. फिरली तरच घराबाहेर पडते. त्या दिवशी मात्र मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून रडले. त्या छत्तीसमध्ये माझ्या आईच्या वयाच्या एक भेंडीवाल्या बाई होत्या, त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

तोवर डिसेंबर लागला. बर्लिन ५२ अंश उत्तरेच्याही वर आहे. डिसेंबरच्या मध्यावर चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. शुक्रवारी लवकर सुटून मी साडेतीनला बाजारात पोचले तरी हाती वीस-पंचवीस मिनिटांचा उजेड. चारशेची फिल्म (आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो), लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून एफ-२, तरी शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत खाली आणावं लागे आणि थंडीने हात कापत. शेवटी फिल्म सोळाशेची समजून वापरायला लागले आणि फिल्म धुवायच्या टँकमध्ये जास्त वेळ ठेवू लागले. दाणे मोठे येतात, सावल्या काळ्याकुट्ट होतात. पण दुकानावरच्या बल्बखाली माणसाचा चेहरा आणि हात तेवढे उजळतात. मला तो उजेड आवडायला लागला. उन्हाळ्यातले माझे फोटो त्यापुढे फिके वाटतात.

रोल मी घरीच धुते. डेव्हलपर रोडिनाल; फोटोची रसायनं बनवणाऱ्या ॲग्फा कंपनीने याच शहरात १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. ३०० मिलीच्या टँकला ६ मिली रोडिनाल पुरतं, बाकी २० अंशांचं पाणी. चारशेवरच काढलेल्या रोलला अकरा मिनिटं. सुरुवातीची तीस सेकंदं सतत, मग दर मिनिटाला टँक उलटासुलटा करायचा. मला छळलं ते नळाच्या पाण्याने. बर्लिनचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. तसेच पांढरे डाग वाळलेल्या निगेटिव्हवर, नेमके आकाशात. उपाय स्वस्त निघाला: इस्त्रीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी आणून शेवटचं खळबळणं त्यात करायचं.

फेब्रुवारीतल्या एका रोलवर कोथिंबीरवाले काका नीट आले. जुडी बांधताना दोरा दातात धरलेला, बोटं ओली, मागे कालव्यावर धुकं. मी त्याची पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढून पुढच्या शुक्रवारी त्यांना नेऊन दिली. त्यांनी हात पुसले, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मग फोटो कडेने धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर बाजूच्या दुकानवाल्याला हाक मारून दाखवला. हा फोटो इतर कोणाला दाखवू का, असं विचारलं तर म्हणाले, "दाखव की, कोणालाही दाखव." मला एक जुडी जास्तीची दिली.

त्या रविवारी आईला फोटो दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला.

"दोरा दातात धरलाय बघ," ती म्हणाली. "आपला मारुती पण असाच धरायचा. मुळं मातीसकट देतात का गं तिथे?"

"देतात."

"मग पाण्यात उभी करून ठेव. आणि शेजारचा कोण आहे, अर्धा दिसतोय तो? पुढच्या वेळी त्यालाही विचार."