मेणवलीची पंधरा मिनिटे

सहल आखण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते आणि मी ते रकाने आखून, प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटे लिहून करते. या वेळी अटी फार होत्या. शनिवारी निघून रविवारी रात्रीपर्यंत पुण्यात परत यायचे होते, आईचे गुडघे तिला पायऱ्या चढू देत नाहीत, आठ वर्षांच्या लेकीला घाटात गाडी लागते, आणि बाबांना मुळात कुठेच जायचे नव्हते. त्यातून पितृपक्ष चालू होता. "या दिवसांत कुणी फिरायला जातं का?" असे आईने विचारले तेव्हा "कुणी जात नाही म्हणूनच आपण जायचं" असे उत्तर मी मोठ्या ऐटीत दिले होते, आणि ते पुढे मला चांगलेच महागात पडले.

ताम्हिणी लेकीमुळे बाद झाला, महाबळेश्वर गर्दीमुळे. कास पठारावर फुलांचा हंगाम ऐन भरात होता, पण आधी नोंदणी करून, वेळ ठरवून, रांगेने फुले पाहायला जाणे मला कधीच मानवलेले नाही. उरली वाई. पुण्यापासून नव्वदएक किलोमीटर, वाटेत खंबाटकीचा एकच घाट, पोहोचल्यावर कृष्णा नदी आणि जुनी देवळे. वाईची ओळखच तिच्या सात घाटांवरून होते आणि नदीचा घाट म्हणजे पायऱ्याच, ही साधी गोष्ट आईच्या गुडघ्यांसाठी गाव निवडताना माझ्या ध्यानात आली नाही, हे इथे कबूल केलेले बरे.

कागदावर मात्र सारे सुबक होते. पहाटे ६ ला निघायचे, ८ ला वाईत नाश्ता, ढोल्या गणपती ३० मिनिटे, मेणवलीचा वाडा ४५, तिथल्या घाटावरची घंटा १५, धोम ६०, आणि सूर्यास्ताला पाचगणी.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत कागद आणि रस्ता यांचे जुळले. खंबाटकीच्या पायथ्याशी गाड्यांची जी रांग लागली होती, ती पाहून पुढे अपघात झाला असावा असे वाटले, पण तसे काही नव्हते. जे कास मी गर्दीसाठी टाळले होते, त्याच कासला निघालेले अर्धे पुणे आमच्या पुढे उभे होते. साताऱ्याहून पुण्याला येताना बोगद्यातून झटकन सुटता येते, जाताना मात्र तेव्हा वळणावळणाचा घाटच चढावा लागत असे, आणि त्या चढावर पहिल्या गिअरमध्ये सव्वा तास काढल्यावर लेकीचे जे व्हायचे ते झाले. आईने आवळासुपारी पुढे केली. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. ते घरीही असेच बसतात, त्यामुळे त्यांना कंटाळा आला आहे की बरे वाटते आहे, हे कळायला मार्ग नसतो.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि वाईत पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली नदीच्या अगदी काठावर बांधले आणि पुराचे पाणी कापले जावे म्हणून गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली. ती भिंत शांतपणे पाहायची म्हणून मी ३० मिनिटे राखून ठेवली होती, पण उशीर भरून काढायच्या नादात आम्ही १२ मिनिटांत बाहेर पडलो आणि भिंत पाहायची राहून गेली. विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या या गावात एक दिवस नुसते गल्ल्यांतून हिंडावे असे मला फार वर्षांपासून वाटते, आणि माझ्या कोणत्याच कागदावर त्यासाठी रकाना नसतो.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर आहे. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा पाहून आम्ही मागच्या बाजूने घाटावर आलो. आईने पायऱ्यांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिले आणि वरच्याच पायरीवर पदर सावरून बसली. पावसाळा नुकता ओसरत असल्याने कृष्णा भरलेली होती. घाटावर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी दोन जोडपी, त्यांचे फोटोवाले, चांदीसारखे चमकणारे गोल पडदे धरलेली मुले आणि माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येऊ न देणारा एक ड्रोन, असा सगळा संसार मांडलेला होता. हिंदी चित्रपटवाल्यांनी हा घाट प्रसिद्ध केला, आणि आता तिथे ज्याच्या हातात कॅमेरा नाही त्यालाच आपण मध्ये आलो की काय असे वाटू लागते. हे मला मुळीच आवडले नाही.

घंटा मेणेश्वराच्या देवळाजवळ, एका लहानशा दगडी घुमटीत टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना वाटल्या गेल्या. त्यांतली ही एक. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. एवढे मी वाचून गेले होते, एवढे लेकीला सांगितले, एक फोटो काढला आणि घड्याळ पाहिले. ४ मिनिटे झाली होती. निघू या म्हणून वळले, तर बाबा घंटेखाली वाकून तिच्या आतल्या बाजूला पाहत होते.

बाबांनी पिंपरी-चिंचवडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ३१ वर्षे काढली. त्या ३१ वर्षांतले आम्हाला ठाऊक होते ते म्हणजे रात्रपाळी, काळे पडलेले रुमाल, ताटावर बसून पगाराबद्दल आणि साहेबांबद्दल केलेली कुरकुर. कामाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारले नाही. आता मात्र ते लेकीला जवळ बोलावून म्हणाले, "ही अक्षरं कोरलेली नाहीत बरं का. वर आलीत बघ. कोरली असती तर आत गेली असती."

"मग चिकटवलीत?"

"चिकटवलीत, पण मेणाची."

आणि ते सांगत गेले. आधी विटा-मातीचा गाभा रचायचा आणि घंटेच्या आकाराची फळी त्याच्याभोवती फिरवून तो गोल करायचा. त्याच्यावर मातीचीच एक खोटी घंटा चढवायची, तिच्यावर मेणाची अक्षरे, मेणाची चित्रे लावायची, आणि वरून बारीक मातीचा बाहेरचा साचा लिंपत जायचा. साचा शेकला की मेण वितळून जाते आणि अक्षरांच्या जागी पोकळी राहते. मग बाहेरचा साचा अलगद उचलायचा, खोटी घंटा फोडून टाकायची, साचा पुन्हा जागेवर बसवायचा, आणि जिथे खोटी घंटा होती त्या फटीत खरी धातू ओतायची. "मेरीबाईपण आधी मेणाचीच होती," असे त्यांनी लेकीला सांगितले. तिला ते इतके आवडले की ती दिवसभर भेटेल त्याला हेच सांगत होती.

बाबांनी स्वतः आयुष्यभर लोखंड ओतले. घंटांचे हे ज्ञान त्यांना सुरुवातीच्या काळातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून मिळाले होते, जो सुट्टीच्या दिवशी देवळांच्या घंटा ओतून द्यायचा. या मिस्त्रीचे नाव आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. घंटा पंचधातूची आहे असे शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या मंडळींना सांगत होते, ते ऐकून बाबा हळूच म्हणाले, "पंचधातू म्हणा हवं तर, पण आवाज देतं ते तांबं आणि कथील. पाचातला एक भाग कथील, थोडं जास्तच. कमी पडलं तर घंटा बोलत नाही, फार झालं तर फुटते." वजन साधारण साडेसहाशे किलो सांगतात असे मी म्हटले, तर त्यांनी वितीने तोंडाचा घेर मोजला, कडेची जाडी चिमटीत धरून पाहिली आणि मान डोलावली. एवढे ओझे वसईहून घाट चढवून इथवर आणताना त्याला एक चीर गेली नाही, याचेच त्यांना चिमाजीअप्पांच्या विजयापेक्षा जास्त कौतुक वाटत होते.

इतक्यात एक फोटोवाला आला आणि "काका, जरा बाजूला होता का? घंटा फ्रेममध्ये हवी आहे," असे म्हणाला. माझ्या तोंडाशी बरेच काही आले होते. बाबा मात्र "या, या" म्हणत बाजूला झाले आणि त्या जोडप्याच्या चौदा-पंधरा तऱ्हा होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, पायरीवर बसून राहिले. मी दोनदा घड्याळ दाखवले, ते जागचे हलले नाहीत. शेवटी कुणीतरी सुचवले म्हणून नवऱ्या मुलाने घंटेवर बोटाच्या पेराने टक् केले. बाबांनी डोळे मिटून ते ऐकले आणि आवाज पूर्ण विरल्यावर म्हणाले, "चीर नाही."

पाचगणी झाली नाही. धोमला अंधार पडता पडता पोहोचलो, कासवाच्या पाठीवरचा नंदी टॉर्चच्या उजेडात पाहिला. मुक्कामाच्या ठिकाणी चहा पातळ होता आणि गाद्या त्याहून पातळ होत्या. रविवार पावसात आणि भज्यांत गेला.

परतताना खंबाटकीचा बोगदा दोन मिनिटांत पार झाला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आम्ही रांगेत उभे असताना बाबांनी मागच्या सीटवरून विचारले, "भीमाशंकरलासुद्धा वसईचीच घंटा आहे ना गं? पायऱ्या किती आहेत तिथं?"

"पुष्कळ आहेत," मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली.